वाळ्यावरचे शेवटचे दोन आकडे

ओव्हीद बर्झरॉनने एकेचाळीस वर्षं साखर कारखान्याच्या बॉयलरवर काढली. लुइझियानात गाळप ऑक्टोबरात सुरू होतं आणि नाताळच्या पुढेमागे संपतं. तेवढे दिवस तो उजाडायच्या आत घर सोडायचा आणि अंधार पडल्यावर परतायचा. त्यामुळे आपल्याच परसात हिवाळ्यात काय चालतं, हे त्याला निवृत्त होईपर्यंत ठाऊक नव्हतं.

परसात हमिंगबर्डसाठी साखरपाण्याची बाटली टांगलेली असे. दर सप्टेंबरला ती उतरवून ठेवायची. नाहीतर पाखरं लोभाने मागे राहतात आणि थंडीत मरतात, असं त्याची सासू सांगायची. सासूचा शब्द त्या घरात कायदा होता. निवृत्तीच्या पहिल्या वर्षी बाटली उतरवायची राहून गेली आणि नोव्हेंबरात जास्वंदीवर एक तांबूस हमिंगबर्ड दिसला, मिटल्या मुठीत मावेल एवढा. उन्हाळ्यातले तर कधीच समुद्रापार गेले होते. मग हा कोण?

या 'कोण'ने ओव्हीदला धरलं ते सोडलंच नाही. विचारत विचारत तो मिस कॅलिस्टापर्यंत पोचला. या निवृत्त शिक्षिका, पाखरांच्या पायात नंबराचा वाळा घालायचा सरकारी परवाना असलेल्या. गेल्या जानेवारीत त्या पिंजरा घेऊन आल्या, पाखरू धरलं आणि म्हणाल्या, "मादी आहे. उन्हाळा वर थंड डोंगरात काढते, अलास्काच्या बाजूलाही असेल." तिच्या पायात त्यांनी मोहरीएवढा वाळा घातला. नंबर एच ४७३१६. मग तिला ओव्हीदच्या तळहातावर ठेवलं.

वजन असं काही नव्हतंच. नुसती थरथर, बॉयलरच्या नळीवर हात ठेवल्यासारखी.

"श्वास घ्या, मिस्टर ओव्हीद," मिस कॅलिस्टा म्हणाल्या. "तिच्यापेक्षा तुम्हीच जास्त घाबरलायत."

अर्ध्या मिनिटाने ती उडाली.

यंदा नोव्हेंबरात जास्वंदीच्या त्याच फांदीवर एक तांबूस मादी येऊन बसली. पायात वाळा चमकत होता.

"आली गं! आपलीच आहे!" ओव्हीद खिडकीतून ओरडला.

"पायात वाळा असला की ती तुझीच का?" एल्व्हिना म्हणाली. "मग माझ्या मावशीच्या कोंबड्याही तुझ्याच म्हणायच्या."

बायकोचं बोलणं त्याला टोचलं, कारण ते बरोबर होतं. नंबर वाचल्याशिवाय काही सांगता येत नव्हतं. मिस कॅलिस्टांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. महिनाभर पाखराला हात लावायचा नाही अशी डॉक्टरांची ताकीद.

"फोटो काढा," त्या फोनवर म्हणाल्या. "वाळा गोल असतो. एका फोटोत दोन आकडे आले तरी नशीब समजा."

ओव्हीदने जुना कॅमेरा आणि हातभर लांब लेन्स विकत घेतली. पहिल्या दिवशीच्या दोनशे फोटोंत शेपटी आली, बाटली आली, शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आला. अख्खं पाखरू एकातही नव्हतं. मग हात बसला. एच मिळाला. चार दिवसांनी ४. मग एकाच फोटोत ७ आणि ३. मिळेल ते तो चिठ्ठीवर लिहून फ्रिजला चिकटवायचा. एल्व्हिना फ्रिजमधून दूध घेताना त्या बघून जायची.

४७३ जुळलं होतं. राहिले शेवटचे दोन, आणि नेमके ते आतल्या बाजूला. बाटलीला चार प्लास्टिकची फुलं होती. मादी प्रत्येक वेळी उसाच्या रानाकडच्या फुलावर बसायची आणि तो पाय ओव्हीदपासून लपायचा. त्यात सोमवारी बातम्यांत सांगितलं, शुक्रवारी पाणी गोठेल अशी थंडी.

"मरायची नाही ती," मिस कॅलिस्टा म्हणाल्या. "पण निघून जाईल की राहील, ते तिचं तिला माहीत."

बुधवारी ओव्हीदने तीन फुलांची तोंडं चिकटपट्टीने बंद केली. घराकडचं एकच उघडं ठेवलं. ती आली, बाटलीभोवती दोन घिरट्या घातल्या, चिटचिट करून शिव्या दिल्या आणि जास्वंदीत जाऊन बसली.

"उपाशी मारतोस तिला!" एल्व्हिना कडाडली. "काढ त्या पट्ट्या."

"उद्या दुपारपर्यंत. मग काढतो."

गुरुवारी सकाळी नऊला ती उघड्या फुलावर बसली. पाय ओव्हीदकडे. त्याने बोट दाबून धरलं ते ती उडेपर्यंत सोडलं नाही. आधी जाऊन पट्ट्या काढल्या, मग फोटो मोठा करून बघितला.

बराच वेळ बघितला. शून्याचा एक होतो का, आठाचा सहा होतो का, मान तिरकी करून, चष्मा काढून, पुन्हा घालून. शेवटी एल्व्हिनाने त्याच्या खांद्यावरून वाकून पाहिलं.

"शून्य आठ आहे, ओव्हीद." टोमणा मारायची एवढी चांगली संधी, पण तिने फक्त त्याच्यापुढे कॉफी ठेवली.

त्याने मिस कॅलिस्टांना फोन लावला. पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"आठ माझा नाहीच. हे वाळे सुटे मिळत नाहीत हो, पत्र्यावर नंबर छापून येतात, आपणच कापायचे. ती पट्टी मी आणि वाइल्माने मधोमध कापून घेतली होती. पहिले दहा तिचे. तीही माझ्यासारखीच वाळे घालते, अलाबामात असते. मी कळवते तिला."

तासाभरात फोन वाजला. अनोळखी बाईचा आवाज.

"मी वाइल्मा. आठ नंबर तुमच्याकडे आहे? जिवंत?"

ओव्हीदने खिडकीतून पाहिलं. "जास्वंदीवर बसलीय. पंख खाजवतेय."

पलीकडून नाक पुसल्याचा आवाज आला. "दोन हिवाळ्यांमागे माझ्या परसात वाळा घातला होता तिला. मागच्या हिवाळ्यात वाट पाहून पाहून थकले. म्हटलं, गेली असणार बिचारी. तुमच्या भागात थंडी पडतेय ना? बाटली घरात नका नेऊ हं."

"छे, गोठली तर बदलत राहीन." मग ओव्हीद जरा घुटमळला. ही आपली नव्हे, याचं वाईट वाटतंय हे तिला सांगायची त्याला लाज वाटली. "बाई, तुमच्याकडे यंदा वाळेवाली कोणी आलीय का? सोळा नंबरची?"

"नाही हो. तुमची ती?"

"हो. मागच्या वर्षीची."

"अजून येईल. ही नाही का आली?"

"पण मागच्या हिवाळ्यात ही कुठे होती?"

"मला वाटलं, तुम्ही सांगाल. तुमच्याकडे नव्हती?"

"नव्हती. एकच होती, ती सोळा."

फोनवर दोन वाक्यांपुढे न जाणाऱ्या ओव्हीदने पायाने खुर्ची जवळ ओढली आणि बसला.

"तुमच्याकडे ती शेवटची दिसली ती तारीख आहे का कुठे लिहिलेली?"

"आहे ना," वाइल्मा म्हणाली. "थांबा, वही आणते."