कुसुम आणि पांढरी भिंत

मी आयुष्यात एकच चांगला फोटो काढला, आणि तो भिंतीचा होता.

तेव्हा दुसरी मोठी लढाई चालू होती आणि आम्ही साताऱ्यात राहत होतो. आमच्या घरात मोकळी अशी वीतभर जागा नव्हती. भिंतींवर देव, देवांवर कॅलेंडरं, कॅलेंडरांवर अप्पांच्या टोप्या! अशा घरात वाढलेल्या मला पुण्याला कॉलेजात असताना एका मासिकात एक फोटो दिसला. सगळं पाणीच पाणी, आणि कोपऱ्यात एक नाव. बस्स. तो पाहून मला इतकं शांत वाटलं, इतकं शांत वाटलं, की मी तासाला जायचंच विसरलो. (नापास झालो ते यामुळे नव्हे. म्हणजे फक्त यामुळे नव्हे.)

परतताना मी मित्राचा जुना डबा कॅमेरा घेऊन आलो आणि "कमीत कमी दाखवा!" असा घोष लावला. भाजीत मीठ कमी पडलं की आईसुद्धा म्हणायची, "आज तुझ्या पद्धतीनं केलीय."

अशातच माझ्या धाकट्या बहिणीला, कुसुमला, सांगलीचं स्थळ आलं. मुलगा शाळामास्तर. मिरजेला एका मुंजीत कुसुमनं त्याला लांबून पाहिलं होतं आणि तेव्हापासून बाई भांडी घासतानाही गुणगुणत होत्या. त्यानं हिला पाहिलंच नव्हतं, ही पंचाईत. तशात निरोप आला, 'फोटो लगेच धाडा, मुलगा तासगावची मुलगी बघायला निघालाय.'

लढाईमुळे फिल्म औषधालाही मिळत नव्हती, गावातल्या फोटोवाल्याकडचीही संपली होती. माझ्या कॅमेऱ्यात शेवटचा एक फोटो उरला होता. (बाकीचे कशावर गेले विचारू नका. बरं, सांगतो. एक कावळा, एक रिकामी खुर्ची, आणि पुन्हा तोच कावळा, उडून गेल्यावर.)

"दादा," कुसुम हळूच म्हणाली, "चांगला काढ हं."

आईनं परसात दुकान मांडलं. मुलीचे गुण फोटोत दिसायला हवेत ना! शिवणाचं मशीन आलं, बाजाची पेटी आली, क्रोशाचे रुमाल आले, मण्यांचा राजहंस आला.

"आई, यात कुसुम कुठं बसणार?"

"मशीन आणि हंस यांच्या मध्ये."

मी सगळं उचलून आत ठेवलं. दिवाळीचा चुना नुकताच दिलेला होता. त्या लांबलचक पांढऱ्या भिंतीच्या एका टोकाला कुसुमला उभी केली आणि मी मागे सरकलो. आणखी सरकलो. विहिरीच्या कठड्याला पाठ टेकली तेव्हा थांबलो.

फोटो धुऊन आला. सगळी भिंत, आणि कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढी कुसुम! मला भरून आलं. घरच्यांनाही आलं, पण ते वेगळं.

आमचा गवळी भिकू दूध घालता घालता फोटोत डोकावला. "दादा, भित लय झ्याक आलीया! पर ताईसायेब कवा येनार हायती?"

 कुसुमचं गुणगुणणं बंद झालं. मग मात्र मी फिल्मसाठी गावातली सगळी दुकानं पालथी घातली. पण दुसरा फोटो होता कुठं? अप्पांनी कपाळाला हात लावला आणि तोच पोस्टात टाकला.

आठवडाभरात सांगलीहून मुलाची आत्या थेट दारात! मागे मुलगा, मुकाट. आत्याबाईंनी टेकायच्या आधीच फोटो बाहेर काढला.

"घर ऐसपैस दिसतंय. पण एवढ्या लांबून फोटो म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय! बघू, चाल गं मुली."

कुसुम चालली.

"सुई ओव."

ओवली.

"डोळे तिरळे नाहीत. मग लपवलंत काय?"

मला राहवेना. "आत्याबाई, यात लपवलेलं काही नाही, फक्त कमीत कमी दाखवलंय. ही जी मोकळी जागा आहे ना, तोच खरा फोटो!"

"अस्सं? मग आमच्या मुलाचं लग्न काय भिंतीशी लावायचं?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेनं दूध नासलं असतं. आईनं पदर डोळ्यांना लावला. आत्याबाई उठायच्या बेतात होत्या, आणि स्वयंपाकघराच्या दारामागे कुसुमचा चेहरा असा झाला होता की मला विहिरीत उडी मारावीशी वाटली.

एवढ्यात, पोह्यांची बशी हातात घेऊन बसलेला तो मास्तर पहिल्यांदाच बोलला.

"मला आवडला फोटो."

"काय आवडलं रे त्यात?" आत्या कडाडल्या.

मास्तर कानापर्यंत लाल झाला. "यांच्या शेजारी पुष्कळ जागा आहे. म्हटलं... आपण मावू."

आत स्वयंपाकघरात काहीतरी धाडकन पडलं. (राजहंस. मान कायमची गेली.)

लग्न थाटात झालं. आईनं माझा कॅमेरा तांदळाच्या कणगीत लपवला आणि सांगलीहून फिल्म शिल्लक असलेला खास फोटोग्राफर आणवला. फोटोत नवरानवरी, दोन्हीकडची झाडून सगळी माणसं, मशीन, पेटी, बिनमानेचा हंस, सगळं आलं. मी कडेला उभा होतो. फोटोग्राफर म्हणाला, "जरा सरका." सरकलो. "अजून थोडे." मी सरकत राहिलो.

तो फोटो आला तेव्हा आम्ही सगळे सांगलीला कुसुमच्या घरी जमलो होतो. मी स्वतःला शोधू लागलो. शेवटी उजव्या कडेला, काकांच्या पगडीमागे, माझं कोपर सापडलं. फक्त कोपर!

आत्याबाईंनी चष्मा लावला, कोपरावर बोट ठेवलं आणि समाधानानं मान डोलावली.

"बघ, तू म्हणत होतास ते खरंच रे! कमीत कमी दाखवलं की किती बरा दिसतोस!"