पाण्यात भरून दिलेली ऊती

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मला रोहू माशाच्या वृषणातून जिवंत जननपेशी वेगळ्या करायच्या होत्या. पुढं शुक्राणू तयार होतात ते याच पेशींपासून. ऊतीचे बारीक तुकडे करायचे, विकर म्हणजे एन्झाइम घालून पेशी सुट्या करायच्या, जाळीतून गाळायच्या आणि निळा रंग टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. मेलेली पेशी निळी होते, जिवंत पेशी रंग आत घेत नाही.

माझ्या जवळजवळ सगळ्याच निळ्या व्हायच्या.

"पुढच्या वेळीही असंच आलं तर विषय बदलू," माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. हा विषय मी स्वतः मागून घेतला होता. तो हातचा जाऊ द्यायचा नव्हता.

विकराची वेळ कमी केली, नवी पाती आणली, फरक पडेना. मग एका सकाळी सांगलीच्या मासळी बाजारात नेहमीच्या मासेवाल्या मावशींसमोर उभी होते. त्या मासा चिरून नर शोधून द्यायच्या. त्यांनी वृषणं काढून कापली, खळाखळा धुतली आणि पिशवीत पाणी भरून गाठ मारली. नेहमीच तसं करायच्या, आणि मला ती त्यांची माया वाटायची. आटपाडीत टँकरची वाट बघत वाढलेल्या पोरीला पाण्यानं काही बिघडेल असं सुचणार कसं? साध्या पाण्यात पेशी फुगून फुटते, हे पुस्तकात वाचलं होतं. ते त्या दिवशी दिसलं.

पुढच्या खेपेला, पेशी ज्यात फुगत नाहीत अशा क्षारद्रावणाची बाटली बर्फात घालून नेली.

"मावशी, धुऊ नका. तसंच या बाटलीत टाका."

"न धुता? आगं, लोकं मला काय म्हणतील?"

"आवं, खायचं न्हाई हे."

"खायचं न्हाई तर एवढं निवडून कशाला नेतीस?"

शेजारची विक्रेती हसली. "नवऱ्याला खायला घालत असंल."

"आधी नवरा तर मिळू दे तिला!" म्हणत मावशींनी ऊती बाटलीत सोडली.

दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली थोड्याच पेशी निळ्या होत्या. बाकीच्या गोल, मोठ्या, स्वच्छ. पुन्हा मोजल्या आणि मगच मॅडमना बोलावलं. त्या बराच वेळ डोळा लावून बसल्या.

"विषय हाच. लिहायला घे."

एरवी मी लगेच मान हलवली असती.

"आणखी दोन मासे करून बघते, मॅडम," मी म्हणाले. "तसंच आलं, की लिहिते."