हिरीच्या कप्प्याचं जुनं नाव

बोर्डीच्या अण्णांना निवृत्त मास्तर म्हणून आता फारसं कुणी ओळखत नाही. ते ‘कागदवाले अण्णा’. गंजाडपासून तलासरीपर्यंत कुणाकडे जुना दाखला सापडला, की तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून बोर्डीची एसटी धरायची, अशी रीतच पडली आहे. अण्णा तो स्कॅन करतात, चहा पाजतात आणि वर सुनावतात, ‘इतके दिवस पत्र्याखाली कोंबून ठेवला होतास होय?’

हे कागद राहतात वाडीतले चिकू ठेवायच्या खोलीतल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर. मुलगा जतीन सुरतेला जाताना तो घरचा सर्व्हर म्हणून लावून गेला. त्यात कंटेनर आहेत, म्हणजे कप्पेच. एकात कागद, एकात फोटो, एकात वाडीच्या पाण्याचं वेळापत्रक. या सगळ्यांवर एक पहारेकरी ॲप आहे. ते रोज प्रत्येक कप्प्याची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवतं.

आता अण्णांच्या वाडीची एक पद्धत आहे. झाडांच्या पट्टीला नाव तिथं राबणाऱ्याचं. रूपी होती तोवर रूपीची पट्टी. रूपी थकली, हिरी आली, तशी तीच हिरीची पट्टी झाली. चिकूंनी कधी तक्रार केली नाही. मग कप्प्यांना ती रुक्ष इंग्रजी नावं कशाला? एका सकाळी अण्णांनी सगळ्यांची बारशी उरकली. कागदांचा कप्पा झाला ‘हिरी’. कागद पूर्वीसारखे उघडत होते, त्यामुळे अण्णा खूश.

पंचविसाव्या दिवशी मुख्य डिस्क कायमची बंद पडली. अण्णांनी नवी घातली आणि पहारेकऱ्याकडे हिरीची प्रत मागितली. उत्तर आलं, या नावाची एकही प्रत नाही. पहारेकरी नुसत्या नावावरून ओळखणारा. हिरी त्याच्या लेखी परकी बाई. तिची प्रत काढायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्याच दुपारी गंजाडची शितल दारात उभी. तिच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी सोमवारी जात पडताळणी होती आणि आजोबांचा, ज्यांना सगळे नुसतं लक्ष्या म्हणायचे त्यांचा, शाळेचा दाखला हवा होता. मूळ कागद वाळवीने खाल्लेला. शाळेचं रजिस्टर छत गळून लगदा झालेलं. उरलं होतं ते अण्णांनी दोन वर्षांपूर्वी केलेलं स्कॅन.

अण्णांना तिच्याकडे बघवेना. “पोरी, मी घात केला गं तुझा. हौसेपायी नावं बदलली आणि प्रती निघायच्याच थांबल्या.”

शितल रडली नाही. चिकूच्या रिकाम्या क्रेटवर बसली आणि म्हणाली, “आधी काय नाव होतं याचं?”

“त्याचं आता काय?”

“ऑफिसात मला दर खेपेला हेच विचारतात, अण्णा. आधी जात काय लिहायचे? आजोबांच्या टायमाला काय होतं? जुनं सापडलं तरच पुढचं बघतात. तुमचं मशीन पण तसलंच दिसतं.”

अण्णांनी यादी खाली सरकवली. अगदी तळाशी, लाल अक्षरांत, कप्प्याचं जुनं नाव होतं, आणि पुढे शेरा : गायब. नाव बदलण्याच्या आदल्या दिवसापर्यंतच्या प्रती तिथे शाबूत होत्या. शेजारी एक ओळ : गायब कप्प्यांच्या प्रती तीस दिवसांनी पुसल्या जातील. पाच दिवस उरले होते.

“अहो, बघत काय बसलात? बदला की परत!” अण्णांच्या पत्नी रंभाताई मागून ओरडल्या.

हिरीचं पुन्हा जुनं नाव झालं. पहारेकऱ्याने ओळख दाखवली आणि तासाभरात कागद परत आले. लक्ष्यांचा दाखला उघडला, तेलकट डागासकट. गावोगावच्या माणसांनी विश्वासाने सोपवलेलं जवळजवळ सगळं या पोरीच्या एका प्रश्नाने वाचलं होतं.  शितल पाया पडायला वाकली, तर अण्णांनी तिचे हात धरले.

“आज नको. आज उपकार तुझे आहेत. मी कुणाला तोंड दाखवलं असतं?”

सोमवारी दुपारी फोन आला.

“अण्णा, कागद चालला! तिथल्या मॅडमनी आजोबांचं नाव मोठ्याने वाचलं, वडिलांच्या नावासकट, ‘लक्ष्मण जान्या’. बाबा बाजूलाच होते. बाहेर आल्यावर म्हणाले, माझ्या बापाला ऑफिसात पहिल्यांदाच कुणी पूर्ण नावाने हाक मारली.”