पान तेरा छापेना

बीडला माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, निवडणुकीची पत्रकं आणि अलीकडे वर्षश्राद्धाला वाटतात त्या आठवणींच्या पुस्तिका, असली कामं मी करते. कॉम्प्युटरवर पानं जुळवायची, त्यांची पीडीएफ करून छापखान्यात पाठवायची, की माझं काम संपलं. या कामात धास्ती असते ती पत्रिकेत नवरदेवाचं आडनाव चुकण्याची. त्या सकाळी जे झालं, तसलं काही त्याआधी माझ्या वाट्याला आलं नव्हतं.

काम एका तरुण पुढाऱ्याचं होतं. लिंबागणेशच्या पुढचं गाव. घर मूळचं मेंढपाळांचं, आता थोडी शेतीही, आणि हा गावातून निवडून आलेला. त्याच्या आईला जाऊन वर्ष होत होतं. नातेवाइकांनी लिहिलेल्या आठवणी, दोन-चार फोटो, सगळी मिळून चोवीस पानं. मधल्या, म्हणजे तेराव्या पानावर आईचा मोठा फोटो टाकायचा होता. तो त्याने फोनवर पाठवला आणि लगेच बोलला.

"ताई, बाजूची बाई काढून टाका. आईच पाहिजे फक्त."

फोटो कपिलधारच्या तीर्थक्षेत्राचा होता. मागे धबधबा, पुढे हिरव्या लुगड्यातली, चष्मा लावलेली म्हातारी, आणि तिला खेटून तिशीतली एक बाई. दोघींनी एकमेकींचा हात धरलेला. ती कोण, हे मी विचारलं नाही. फोटोतून माणसं काढायला मला रोज सांगतात. कुणाला साडू नको असतो, कुणाला मागून जाणारी म्हैस. मी म्हातारीचा कटआउट केला. हाताने कडा आखत बसायला वेळ नव्हता, म्हणून रंग ओळखून आपोआप निवड करणारं टूल वापरलं. पडद्यावर काम छान दिसलं. म्हातारी एकटी उभी, मागे पांढरं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तो प्रूफ बघायला येणार होता. मी साडेनऊला दुकान उघडलं आणि प्रिंट सोडली. बारा पानं सुरळीत आली. तेराव्या कागदावर वरचा मथळा आला, आणि फोटोच्या जागी इंग्रजीत तीन ओळी. एरर, लिमिटचेक. त्याखाली ऑफेंडिंग कमांड. पुढची पानं आलीच नाहीत.

हा पोस्टस्क्रिप्टचा एरर होता. पान कसं काढायचं हे कॉम्प्युटर प्रिंटरला ज्या भाषेत सांगतो ती पोस्टस्क्रिप्ट. तिच्यातलं एखादं वाक्य प्रिंटरला झेपलं नाही की तो तिथेच थांबतो आणि कोणत्या शब्दावर अडला ते छापून देतो. मी प्रिंटर बंद करून चालू केला. तोच कागद. सरळ पीडीएफ करून बघितली, तर पीडीएफ झालीच नाही. तिच्या जागी एक छोटी फाइल पडली आणि तिच्यात त्याच तीन ओळी.

मराठी कामात असं झालं की मी आधी फाँटवर संशय घेते. जुने फाँट, कुठून कुठून कॉपी झालेले, त्यातला एखादा बिघडलेला असतोच. मी त्या पानाचा फाँट बदलला. फरक नाही. मग माझी नेहमीची रीत: फाइलचे तुकडे करायचे. तेरा ते अठरा अडली, एकोणीस ते चोवीस आली. चौदा ते अठराही आली. म्हणजे दोष एकट्या तेराव्या पानात. त्यावरचा मजकूर काढला, तरी अडलं. मजकूर परत ठेवून फोटो काढला, तेव्हा पान झरकन आलं.

फोटो उघडला आणि कारण समोर दिसलं. कटआउट म्हणजे माणसाभोवती ठिपके जोडून काढलेली एक रेघ असते. हाताने काढली तर चाळीस-पन्नास ठिपके पुरतात. त्या टूलने धबधब्याचे तुषार, लुगड्याचा काठ, एकमेकींत अडकलेली बोटं, सगळ्याच्या बारीक कडा पकडल्या होत्या आणि हजारो ठिपक्यांची वेडीवाकडी रेघ तयार केली होती. प्रिंटरला एका रेघेत इतके ठिपके सांभाळता येत नाहीत. पडद्याला येतात, म्हणून तिथे सगळं ठीक दिसत होतं.

खात्री करायला मी ती रेघ पूर्ण पुसली आणि पान सोडलं. आलं. रेघ नाही म्हटल्यावर फोटो मूळचा, दोघींचा आला. आता हाताने नीट रेघ काढली की काम होणार होतं.

तेवढ्यात दारात एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले. डोक्याला पटका, हातात काठी. पुस्तिका जिच्या नावाची होती, तिचे ते मालक. मुलाची पंचायत समितीत मीटिंग होती म्हणून जीपने एकटेच पुढे आले होते. मी त्यांना बाकावर बसवून पाणी दिलं.

"मला वाचता येत न्हाई, बाई," ते म्हणाले. "तिचा फोटो तेवढा बघतो."

मी प्रिंटरवरचा कागद उचलून त्यांच्या हातात दिला.

"हे तपासायला काढलंय, बाबा. ही बाजूची बाई निघून जाईल."

त्यांनी कागद उजेडाकडे धरला. मग डोळ्यांजवळ आणला. मला वाटलं, त्यांना नीट दिसत नसेल.

"ही माझी लेक हाय," ते म्हणाले.

निघून जाईल, असं मी त्यांच्याच तोंडावर बोलले होते. माझ्या डोक्यात एकच आलं, की मुलाने बहिणीला हिश्श्यातून काढावं तसं फोटोतून काढायला लावलं, आणि बापाला पत्ता नाही.

"बाबा, तुमच्या मुलानं सांगितलं होतं काढायला," मी म्हणाले.

"त्यो काढंलच. हिचे घरातले समदे फोटो म्याच चुलीत घातले व्हते." आवाज साधा होता, पेरणीचं बोलावं तसा. "दुसऱ्या जातीत लगीन करून गेली. त्यादिशी. मग ह्यो कुठनं आला?"

माझे हात टेबलावर होते, ते मी खाली घेतले. दोन मिनिटांपूर्वी ज्यांची मला कीव आली होती, ते हेच बोलत होते. ते अजून कागदच बघत होते. मग त्यांनी बोट म्हातारीच्या चेहऱ्यावर ठेवलं.

"ह्यो चष्मा तर मोतीबिंदूच्या आपरेशननंतरचा हाय."

मला आधी कळलं नाही. त्यांनीच सांगितलं. ऑपरेशन म्हातारी वारायच्या आधी सहा-सात महिन्यांचं. म्हणजे फोटो जुना नव्हता. लेकीला घरातून जाऊन आठ वर्षं झालेली, आणि मायलेकी चष्मा आल्यानंतर कपिलधारला हातात हात घालून उभ्या होत्या.

"मला म्हणली व्हती, बायांबरोबर यात्रेला चाल्ले," ते म्हणाले.

मुलगा आला तो मोबाइलवर बोलतच. वडलांच्या हातातला कागद दिसल्यावर त्याने फोन बंद केला. त्याचा चेहरा असा उतरला की मीच उठून उभी राहिले. माझ्यामुळे या घरात आता काय होणार, याची मला भीती वाटली.

"तुला कुणी दिला ह्यो?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"मीच काढला, आबा."

"म्हंजी तू बी गेलतास."

"गेलतो. दरसाल मीच न्यायचो आईला."

"दरसाल."

"हां."

"कावून सांगितलं न्हाई?"

"सांगितलं असतं तर तुमी तिचं जाणं बंद केलं असतं."

म्हाताऱ्यांनी मान हलवली. "केलं असतं," ते म्हणाले.

मुलगा माझ्या खुर्चीची पाठ धरून उभा होता. पुढे म्हाताऱ्यांनी मला विचारलं, मशीन कशाला अडलं होतं. मी सांगितलं, दोघींच्या मधून जी रेघ काढली होती ती फार बारीक झाली, मशीनला झेपली नाही.

"मग आता बरी काढता येती का?"

खोटं बोलावंसं वाटलं. पण काम मला येतं. "येते, बाबा. अर्ध्या तासात होईल."

ते पुन्हा फोटोकडे बघत राहिले. "नगं काढू," ते म्हणाले.

"आबा, भावकी येणार हाय. माणसं इचारतील," मुलगा म्हणाला.

"मला इचारतील. मी हाय की."

तेव्हा मी मध्ये तोंड घातलं. फोटो लेकीचाही आहे, तिला विचारायला हवं, असं म्हणाले. हे आदल्या दिवशी, कटआउट करताना, मला का सुचलं नाही याची मला आजही लाज वाटते. मुलगा बाहेर ओट्यावर गेला आणि त्याने फोन लावला. आतून आम्हाला फक्त त्याचं हां, हां ऐकू येत होतं. म्हातारे दाराकडे पाठ करून बसले होते.

तो आत आला. "म्हणली, आईसाठी छापा. पण माझं नाव टाकू नका."

म्हाताऱ्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला, तो पुन्हा बांधायचं त्यांना बराच वेळ सुचलं नाही.

मी फोटो रेघेशिवाय पानावर बसवला. खाली आईचं नाव, आणि त्याखाली कपिलधार एवढाच शब्द. पीडीएफ पहिल्या झटक्यात झाली. मी खालच्या ओळी त्यांना वाचून दाखवल्या.

"आन फुडं?" त्यांनी विचारलं.

"एवढंच आहे, बाबा."

वर्षश्राद्धाला मी गेले नाही. मुलाने नंतर फोन करून सांगितलं. लेक आली नव्हती. पुस्तिका वाटल्यावर तेरावं पान उघडून माणसं एकमेकांकडे बघायला लागली, तेव्हा म्हाताऱ्यांनी सगळ्यांत उभं राहून सांगितलं, की ही माझी लेक, हिचे फोटो मी जाळले होते. भावकीतले दोघेजण जेवायच्या आधीच उठून गेले.

आठ दिवसांनी ते एक पुस्तिका घेऊन एकटेच तिच्या गावाला गेले. तिने दारात पाणी दिलं, पुस्तिका घेतली. आत या म्हणाली नाही. घरी आल्यावर मुलाने विचारलं तर म्हणाले, धाकटा नातू माझ्यासारखा चालतो. मग म्हणाले, म्हैन्याभरानं परत जाईन.