नाव माझं, तारीख तुमची

पल्लवी रोकडे हट्टी आहे, हे आटगावात कुणीही सांगेल. डिप्लोमाला नाव घालताना काकांनी समजावलं होतं, की मुलीच्या जातीला कॉम्प्युटर बरा, इलेक्ट्रॉनिक्समध्ये कुठे सोल्डरिंगचा धूर खात बसतेस. तिनं इलेक्ट्रॉनिक्सच घेतलं. मुरबाडच्या एमआयडीसीत नोकरी लागली तेव्हा आई म्हणाली, शहापूरवरून किन्हवली, सरळगाव करत एवढ्या लांब रोज स्कूटीवर जायचं नाही. ती जायला लागली. पण हा हट्ट कुठवर जाऊ शकतो हे घरच्यांनाही कळलं ते कंपनीतल्या साहेबांनी तिला एक तारीख बदलायला सांगितली तेव्हा.

कंपनी लहानशी. शेतातल्या सोलर पंपांना लागणारे कंट्रोलचे डबे तिथे तयार होतात. एका डब्यात तीन सर्किट बोर्ड असतात. तळाला जड करंट सांभाळणारा, त्याच्यावर पंपाचं डोकं चालवणारा, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला आकडे दाखवणारा. हे तिन्ही बोर्ड वेगवेगळ्या माणसांनी आखलेले. पल्लवी ते सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक बसवायची आणि त्यावरून कारखान्यासाठी ड्रॉइंग काढायची. कुठला बोर्ड आधी बसणार, कुठला स्क्रू कुठे जाणार, दोन बोर्डांमध्ये अंतर राखणारे पितळी खांब किती उंचीचे, वरच्या बोर्डाचा कनेक्टर खालच्यात किती खोल शिरणार. सगळं त्या कागदावर. खाली लाइनवरच्या बायका तो कागद भिंतीला लावून डबे जोडायच्या. खालच्या कोपऱ्यातल्या चौकटीत काढणाऱ्याचं नाव असायचं. पी. रोकडे. पहिल्यांदा ते नाव छापून आलं तेव्हा तिनं बापाला फोटो पाठवला होता.

हे सॉफ्टवेअर तिला शिकवलं साईनाथ सरांनी. ते डिझाइन विभागाचे प्रमुख. शेजारी खुर्ची ओढून बसायचे, चुकलं तर ओरडायचे नाहीत. बोर्डांचा उभा छेद कसा घ्यायचा, म्हणजे डबा मधोमध कापल्यासारखा आतलं सगळं कसं दिसतं, हे त्यांनीच दाखवलं. तिला सर आवडायचे. म्हणून पुढचं सगळं तिला जास्त लागलं.

झालं असं, की नेहमीचा कनेक्टर बाजारात मिळेना. खरेदीवाल्यांनी दुसरा आणला, तसाच, फक्त उंचीला थोडा बुटका. पल्लवीनं तो सॉफ्टवेअरमध्ये टाकला, छेद घेतला, तर वरच्या बोर्डाच्या पिना खालच्यात जेमतेम टेकत होत्या. खांबही तेवढेच बुटके हवेत, हे उघड होतं. तिनं तसं नवं ड्रॉइंग काढलं आणि मंजुरीला पाठवलं. सरांनी ते बघितलंही. पण बुटके खांब स्टोअरमध्ये नव्हते आणि माल पाठवायची घाई होती. "ह्या वेळेला जाऊ दे जुन्यावरच," ते म्हणाले. तिनं पुन्हा एकदा आठवण करून दिली. सरांनी मान हलवली आणि नवं ड्रॉइंग मंजुरीविना तसंच पडून राहिलं. लाइनवर जुनाच कागद होता. बायकांनी त्याप्रमाणे डबे जोडले.

ट्रकमध्ये हादरे बसले, शेतात ऊन लागलं, आणि डबे बंद पडायला लागले. काहींच्या पिना जळून काळ्या झाल्या. ज्या कंपनीला माल दिला होता ती कंपनी खवळली. हे कसं झालं आणि कुणामुळे झालं ते लेखी कळवा, आमची माणसं बघायला येतायत, असा त्यांचा निरोप आला.

त्याच दुपारी साईनाथ सर पल्लवीच्या टेबलाशी आले.

"ते नवं ड्रॉइंग आहे ना, ते रिलीज करून टाक. तारीख मात्र माल जायच्या आधीची घाल."

"सर, तेव्हा ते मंजूर नव्हतं."

"मंजूर करणारा मीच ना? समज, तेव्हाच केलं."

"मग डबे जुन्या खांबांवर कसे काय जोडले?"

सर दरवाजाकडे बघत म्हणाले, "सांगायचं, लाइनला नवा कागद मिळाला होता. त्यांनी जुनेच खांब लावले."

लाइनला म्हणजे कुणाला, हे विचारायची गरज नव्हती. लाइनची प्रमुख भागीरथी. धसईकडची, पन्नाशीला टेकलेली, कारखाना सुरू झाला तेव्हापासून तिथे असलेली. बाकीच्या बायकांना तिनंच हाताला धरून काम शिकवलेलं.

ऑफिसात पल्लवी नेहमी पुस्तकातलं मराठी बोलायची. त्या दिवशी तोंडातून घरचं आलं. "मी नाय बदलणार, सर."

"काय?"

"तारीख. नाय बदलणार."

"पल्लवी, ड्रॉइंगवर नाव तुझं आहे. मी म्हटलं तूच उशीर केलास, तर?"

"म्हणा तुमी. काय झालं ते मी पण सांगेन."

दुसऱ्या दिवशी तिच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड चालेना. विचारलं तर उत्तर मिळालं, सिस्टीमचं काम चाललंय, बसून राहा.

तिचे वडील महेंद्र नाशिक हायवेवरच्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवतात. बोलणं कमी. संध्याकाळी ओट्यावर त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तू नाय बदललीस तर ती बाई वाचंल?"

"माहीत नाय. ते दुसऱ्याकडून पण करून घेतील."

"मग?"

"माझ्या हातानं नाय बुडवायची तिला, बाबा."

 महेंद्र म्हणाले, "राजीनामा लिहायचा नाय. काढायचं तर त्यांना काढू दे. रोज जा. टायमावर जा."

ती रोज गेली. रिकाम्या स्क्रीनसमोर बसायचा कंटाळा आला तशी ती उठून खाली लाइनवर गेली आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन भागीरथीच्या शेजारी बसली.

"काय गो, तुला इकडं कशाला धाडली?" भागीरथीनं विचारलं.

पल्लवीनं काहीही न लपवता सांगितलं. भागीरथीचा हात थांबला. आधी ती पल्लवीवरच उखडली. "तुला ठावं होतं तर खाली येऊन का नाय सांगितलंस? जिना काय लांब होता?"

"सरांना सांगितलं होतं. तुमाला पण सांगायला पाहिजे होतं."

"पाहिजेच होतं," भागीरथी म्हणाली आणि दुपारपर्यंत तिच्याशी बोलली नाही. जेवणाचा डबा उघडला तेव्हा मात्र तांदळाच्या भाकरीचा एक तुकडा तिच्यापुढे सरकवला.

माल घेणाऱ्या कंपनीचे पाहुणे यायच्या दिवशी सकाळी लाइनच्या भिंतीवर नवा कागद लागला होता. सरांनी स्वतःच्या कॉम्प्युटरवरून तो काढला होता. ड्रॉइंग पल्लवीचं, तारीख जुनी, आणि कोपऱ्यात पी. रोकडे. ती तिथून थेट मालकांच्या केबिनमध्ये गेली. सर तिथेच बसले होते.

"त्याच्यावरचं माझं नाव काढा."

"नावाचं काय घेऊन बसलीस," मालक म्हणाले. "ड्रॉइंग तूच काढलंयस ना?"

"ड्रॉइंग मीच काढलंय. नाव माझं, तारीख तुमची. दोन्ही एका कागदावर नाय चालणार."

मालकांनी आवाज उतरवला. "हे बघ, कारखाना टिकला तर सगळे टिकतील. एका बाईनं थोडं ऐकून घेतलं तर काय बिघडतं? तू आज घरी जा. रजा धर."

"रजा नको. मी कामावर आहे." ती पुन्हा खाली येऊन बसली.  एक स्क्रू दोनदा निसटला.

पाहुण्यांमध्ये एक वयस्कर इंजिनिअर बाई होत्या. भिंतीवरच्या कागदासमोर त्या थांबल्या, तारीख वाचली, मग भागीरथीकडे वळल्या. काय बोलायचं हे भागीरथीला आदल्या दिवशीच पढवलेलं होतं. चूक झाली म्हणायचं. नोकरी जाणार नाही, चार दिवस घरी बसशील, एवढंच.

"हे ड्रॉइंग तुम्हाला कधी मिळालं?" बाईंनी विचारलं.

भागीरथीनं आधी मालकांकडे बघितलं, मग साईनाथ सरांकडे. मग पदराला हात पुसले.

"आज सकाळी लावलाय भिंतीला."

 सर काहीतरी बोलायला गेले, तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरची एक जण म्हणाली, "आमी पण आजच बघितला." तिच्या शेजारची म्हणाली, "डबे जुन्या कागदावरच जोडलेत. तो अजून कपाटात हाय." मग एकेक करून सगळ्याच बोलायला लागल्या. त्यांना गप्प बसवणं कुणाला जमेना.

पल्लवी उभी राहिली. "मॅडम, हे ड्रॉइंग मी काढलंय. खांब बदलायला पाहिजेत हे माल जायच्या आधीच दाखवलं होतं. ते मंजूर झालं नाही. ही तारीख खोटी आहे."

बाईंनी काही भाषण दिलं नाही. त्यांनी जुना कागद मागवला, दोन्ही शेजारी ठेवून बघितले आणि मालकांना म्हणाल्या, "आपण वर बसू."

कारखाना बुडाला नाही. सगळे डबे परत मागवायचे, खांब बदलून द्यायचे, असं ठरलं, आणि लाइनवरच्या बायकांनी ते काम पुरं केलं. भागीरथी तिच्या जागेवर राहिली. साईनाथ सरही राहिले. पल्लवी दिसली की नजर चुकवून दुसऱ्या जिन्यानं जायचे. एकदा चहाच्या टपरीवर समोरासमोर आले तेव्हा म्हणाले, "मला दोन मुली आहेत गं."  तिला त्यांची कीव आली, पण आपण केलं ते पुन्हा करायची वेळ आली तर पुन्हा तसंच करू, हेही तिला तिथेच, हातात कप धरून, पक्कं कळलं.

तिची नोकरी वर्षाच्या करारावर होती; तो संपला तेव्हा पुढचा करार झाला नाही. काम कमी आहे, असं कारण दिलं. ती मालकांच्या केबिनमध्ये गेली. "काम कमी नाय, सर. नवी ऑर्डर कालच आली, मला ठावं आहे. मला काढताय कशाला ते सांगा." मालकांनी सांगितलं नाही. ते सांगतील म्हणून ती उभी राहिली, आणि सांगणार नाहीत हे दिसल्यावर हेल्मेट उचलून निघाली. फाटकापर्यंत लाइनवरच्या सगळ्या बायका आल्या होत्या. वॉचमन आत जा, आत जा म्हणत होता, पण कुणी हललं नाही.

त्या लाइनवर आता तोंडी सांगितलेला बदल चालत नाही. कुणी येऊन म्हणालं, हे तसं न लावता असं लावा, तर भागीरथी हातातलं काम खाली ठेवते आणि कागद मागते. साहेब लोक चिडतात, पण कागद आणून देतात.

गावात बोललं गेलं, की आता हिला कुठली कंपनी घेणार. काही महिने कुणी घेतलंही नाही. काकांनी सुनावलं, आईनं अबोला धरला, एक जुळत आलेलं स्थळही फिसकटलं. "फिसकटू दे," पल्लवी म्हणाली. पुढे शहापूरच्या बाजारपेठेत एका झेरॉक्सच्या दुकानावरची खोली तिनं घेतली आणि स्वतःचं काम सुरू केलं. लहान कंपन्या आपापले बोर्ड पाठवतात, ती ते जोडून ड्रॉइंग काढून देते. पहिलं काम त्याच इंजिनिअर बाईंनी पाठवलं असं लोक म्हणतात, पण ते खरं नाही. ते तिनं अंबरनाथला दारोदार फिरून मिळवलं होतं.

सध्या तिच्याकडे दवाखान्यात वापरायच्या एका यंत्राचं काम आहे. पाच बोर्ड, जागा अपुरी. त्यातल्या दोन बोर्डांवरचे भाग एकमेकांना घासतायत. तिनं छेद काढून ते दाखवून दिलं, तर तिकडून उत्तर आलं की तेवढं चालतं, ड्रॉइंग पाठवून द्या. तिनं पाठवलेलं नाही. रोज फोन येतो. ती उचलते, शांतपणे सगळं ऐकून घेते आणि म्हणते, "आधी बोर्ड नीट करा."