फॅटची आरोळी

आमच्या आबांचा आवाज असा, की डेअरीत बोललेलं देवळाच्या कट्ट्यावर ऐकू जायचं. आबा म्हणजे माझे वडील, हातकणंगल्याजवळच्या आमच्या गावात दूध संस्थेचे सेक्रेटरी. सकाळ-संध्याकाळ लोक किटल्या घेऊन रांगेत उभे राहायचे. आबा दूध मापायचे, मशीनवर फॅट बघायचे, कारण फॅटवरच दुधाचा दर, आणि आकडा ओरडून सांगायचे. "म्हैस, सहा पॉईंट आठ!" कुणाच्या म्हशीला किती फॅट लागली हे सगळ्या गावाला ठाऊक. कुणी पाणी घातलं असलं तर तेही ठाऊक, आणि मग दिवसभर त्याची चेष्टा.

नव्वदीच्या दशकात मी कोल्हापुरात कॉम्प्युटर शिकले आणि घरी आल्या आल्या जाहीर केलं, की डेअरीचा प्रोग्राम मी लिहिणार. लिहिलाही. काळा पडदा, त्यावर पिवळे आकडे, सगळा कारभार एका फ्लॉपीत मावायचा. आमच्याकडं लाईट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून प्रत्येक किटलीनंतर नोंद आपोआप जपून ठेवायची आणि आकड्याची चिठ्ठी छापायची सोय केली. आबांचे चष्मे सारखे हरवायचे, म्हणून आकडे हाताएवढे मोठे. त्या प्रोग्राममधली ओळन् ओळ मला पाठ होती. आजकाल प्रोग्राम लिहिणाऱ्याला आपण काय लिहिलंय ते विचारा, तो आधी इंटरनेटवर शोधतो. शोध बाबा, शोध!

पण आबा चिठ्ठी छापून आली तरी ओरडायचेच. मी वैतागायचे. "आबा, चिठ्ठीवर हाय की सगळं. कशाला घसा फोडताय?"

"चिठ्ठी एकट्याला कळती," ते म्हणाले, "आरोळी गावाला कळती. ह्या गावात दोन गट हायत पोरी, इसरू नकोस."

खरंच होतं ते. आमच्या गावात माणूस जन्माला आला की आधी त्याचा गट ठरतो, मग नाव. सोसायटी, ग्रामपंचायत, तालीम, सगळीकडं दोन पॅनेल. आबा कुठल्याच गटात नव्हते, त्यामुळं दोन्हीकडून शिव्या खायचे आणि दोन्हीकडच्या लग्नात जेवायचे. मी मग पडदाच फिरवून रांगेकडं तोंड करून ठेवला. आरोळीही चालू, आकडाही समोर. त्या वर्षांत डेअरीवर कुणी बोट ठेवलं नाही.

दोन हजारनंतर वरच्या दूध संघानं एका मोठ्या कंपनीचा प्रोग्राम आणला. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! रंगीत बटणं, फिरणारी चक्रं, पासवर्डावर पासवर्ड. किटली हातात धरून बाया उभ्या आणि पडद्यावर चक्र गरगर फिरतंय. बटणं दाबायची म्हणून पडदा आता आबांकडं वळला. शिकवायला आलेला टायवाला साहेब आबांना म्हणाला, "काका, ओरडायचं बंद करा, जरा प्रोफेशनल दिसू दे." आबांनी ओरडणं बंद केलं. माझ्या बापाला कुणी गप्प बसवलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं, आणि मला लई राग आला. मी कोल्हापुरात नोकरीला होते, दर रविवारी यायचे, राग गिळून परत जायचे.

थोड्याच दिवसांत कुजबूज सुरू झाली. कुणाची फॅट एकदम उतरायची, कुणाची उगाच चढायची. ज्याची उतरली त्यानं आधी दुधाकडं बघितलं नाही, गटाकडं बघितलं. दोनांतल्या एका गटाचा म्होरक्या, आमच्याच आळीतला, मला आक्का म्हणणारा, त्यानं चौकात उभं राहून सांगितलं, "सेक्रेटरी आमच्या माणसांची फॅट कापतोय. पोरगी कॉम्प्युटरवाली हाय, आतनं कळ फिरवलीया." दुसरी डेअरी काढायची, म्हणून सभाही ठरली.

आबांचं जेवण तुटलं. जन्मभर दोन्ही गटांच्या मधे उभं राहून जे नाव राखलं, ते एका चक्रानं मातीत घालायची वेळ आणली. "मी खोटं मापीन व्हय गं?" एवढंच ते मला म्हणाले.

कंपनीला फोन केला. तक्रार नोंदवली म्हणाले. परत केला, तर तुमचं नेटवर्क मंद आहे. नाचता येईना, अंगण वाकडं! पंधरवड्यानं त्यांनी सुधारणा पाठवली, तर निळी बटणं हिरवी झाली होती. एवढं मोठं कारखान्यासारखं ऑफिस, पण 'हे मी लिहिलंय, चुकलं असेल तर मी बघतो' म्हणणारं एक माणूस नाही. माझा प्रोग्राम बिघडला तर लोक घरी येऊन मला चहा पिताना उठवायचे. ह्यांच्या दारात कुणी जायचं?

शेवटी मीच म्हणाले, "आबा, आरोळी चालू करा."

"साहेब नको म्हणलाय."

"साहेब गेला तिकडं. तुम्ही मशीनवरचा आकडा बघा आणि ओरडा. मी दारात उभी राहते."

आबांनी घसा खाकरला. आधी एका म्हाताऱ्याचा आकडा ओरडला, मग एका बाईची पाळी आली. "म्हैस, सहा पॉईंट आठ!" त्या बाईनं चिठ्ठी बघितली. "आबा, हितं तर सहा पॉईंट दोन हाय." सहा पॉईंट दोन तिच्या आधीच्या म्हाताऱ्याची आरोळी होती, सगळ्यांनी ऐकलेली. मग तिच्या मागच्याच्या चिठ्ठीवर तिचा सहा पॉईंट आठ उमटला. अगं बाई! चक्र फिरत असताना पुढची किटली आली, की तो शहाणा प्रोग्राम आधीच्याच माणसाचा आकडा छापत होता. त्याला ना गट कळत होता ना म्हैस. रांगेत हसू फुटलं, आणि हसताना दोन्ही गट एकत्र होते.

तोड सोपी होती. चक्र थांबून चिठ्ठी येईपर्यंत पुढची किटली घ्यायची नाही, आणि आकडा ओरडायचा.

सभेच्या आदल्या संध्याकाळी म्होरक्या स्वतः किटली घेऊन रांगेत उभा राहिला. एरवी त्याचं दूध गडी घालायचा. आबांनी मशीन बघितलं. फॅट पार खाली होती. त्यांनी हळूच मान वर केली.

"सांगा की आबा," तो म्हणाला. "समद्यास्नी सांगता तसं सांगा."

"म्हैस, पाच पॉईंट एक!"

"म्हस हिरीत पवायला गेलती काय रं?" मागनं कुणीतरी ओरडलं आणि सगळी रांग हसली. तोही हसला, कानापर्यंत लाल होऊन. चक्र थांबलं, चिठ्ठी आली. त्यानं ती उजेडात धरून वाचली.

"जुळतंय आबा," तो मोठ्यानं म्हणाला, रांगेला ऐकू जाईल असं. "उद्या सभा न्हाय. घरला जावा समदी, जेवा."

आबांनी पुढची किटली ओढली, दूध ओतलं, आकडा बघितला आणि तोंड उघडलं. जन्मात पहिल्यांदा त्यांचा आवाज फुटला नाही. मग तो आकडा रांगेनंच वाकून बघितला आणि सगळ्यांनी मिळून ओरडून सांगितला.