बांधावरची उन्हाळी

चूक माझीच होती. कान्हे गावात मी दोन खोल्या बांधल्यात, त्यांना फार्महाऊस म्हणतो. पाहुण्यांच्या फोटोत रान दिसू नये म्हणून मी शेजारच्या बांधावरची उन्हाळीची झुडपं तणनाशक मारून जाळली. बांध शेजारच्या शेतातल्या आबांचा होता.

आबा रोज त्या जांभळ्या फुलांशेजारी बसून माझी खिल्ली उडवायचे. मी पाइप घेऊन निघालो की विचारायचे, "लॉनला तहान लागली व्हय? दूधबी पाजा की." मग हनुवटीनं उन्हाळीकडं दाखवायचे. "वैशाखात समदं करपतं, ही तेवढी हिरवी. माळी न्हाई, पगार न्हाई."

झुडपं जळाली, पण आबा भांडले नाहीत. त्यांनी फक्त टोमणे बंद केले. दिसलो की हात जोडून म्हणायचे, "नमस्कार साहेब," आणि न थांबता पुढं जायचे. एवढा मान मला सासरवाडीतही कधी मिळाला नव्हता. तो मला सोसेना.

शेवटी त्यांच्या ओट्यापाशी जाऊन उभा राहिलो.

"आबा, चुकलो. तुमच्या बांधाला न विचारता हात लावला. तोंडाला येईल ते बोला, पण मला साहेब म्हणू नका."